लहान आतड्याचा कॅन्सर : सातारा-सांगलीतून पाहताना

लहान आतडे नावापुरते लहान. जठराच्या टोकापासून मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत त्याची वेटोळी साधारण सहा मीटर भरतात. पहिला वीतभर भाग आद्यांत्र, पुढे मध्यांत्र आणि शेवटी शेषांत्र ही शाळेच्या पुस्तकातली नावे. दवाखान्यात ड्युओडेनम, जेजुनम आणि आयलियम चालतात. पचनमार्गाची तीन चतुर्थांश लांबी आणि आतल्या अस्तराचा सुमारे ९० टक्के पृष्ठभाग एकट्या या आतड्याचा. तरी पचनमार्गाच्या एकूण कॅन्सरमध्ये त्याचा वाटा जगभर ५ टक्क्यांच्या आतच राहतो. इथले अन्न पातळ असते आणि भरभर पुढे सरकते, जंतू मोठ्या आतड्यापेक्षा फार कमी असतात, अस्तराच्या पेशी काही दिवसांत झडून नव्या येतात, प्रतिकारशक्तीचा पहाराही कडक असतो. अशी कारणे दिली जातात. पूर्ण समाधान यांपैकी एकानेही होत नाही.

कॅन्सर नोंदणीच्या वहीत या आजाराचा क्रमांक ‘सी १७’. एका क्रमांकाखाली निदान चार वेगळे आजार नांदतात. अस्तरातून उठणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा बहुधा आद्यांत्रात होतो. संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींचा न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर शेषांत्रात जास्त सापडतो आणि वर्षानुवर्षे सावकाश वाढतो. लिम्फोमा रक्तपेशींच्या कुळातला. चौथा जिस्ट, आतड्याच्या भिंतीतल्या स्नायूंच्या थरात वाढणारी गाठ. चौघांची औषधे वेगळी, वेगही वेगळा. त्यामुळे ‘आतड्याचा कॅन्सर आहे’ एवढे कळून उपचाराच्या दृष्टीने काहीच कळलेले नसते.

कृष्णाकाठी कॅन्सर म्हटले की तंबाखू आणि तोंड आठवते. २०१५ मध्ये माजी गृहमंत्री आर. आर. पाटील तोंडाच्या कॅन्सरने गेले तेव्हा ती भीती घराघरांत पोचली. स्तन आणि गर्भाशयमुख यांची शिबिरेही आता गावोगाव होतात. लहान आतड्याला असे शिबिर नाही आणि ते होऊही शकत नाही, कारण सरसकट सर्वांची करावी अशी सोपी चाचणीच या आजाराला नाही. तो ओळखायचा तर तक्रार घेऊन आलेल्या माणसातच, आणि घोटाळा तिथेच होतो.

पहिली तक्रार रुग्णाच्या शब्दांत बहुधा अशी असते : जेवणानंतर तासाभराने पोटात गोळा उठतो, इकडून तिकडे फिरतो, गुडगुड होऊन सुटतो. कधी उलटी झाली की बरे वाटते. मग दोन-तीन आठवडे काही नाही. आतड्याची नळी अरुंद झाली आहे आणि वरचा भाग जोर लावून अन्न पुढे ढकलतो आहे, याचे हे जवळजवळ पाठ्यपुस्तकी वर्णन आहे. पण मधले बरे दिवस फसवतात. गोळ्याला पित्त, गॅस, जंत अशी नावे मिळतात, प्रत्येक नावाचे औषध मिळते आणि प्रत्येक औषधाने काही दिवस ‘फरक पडतो’, कारण फरक तसाही पडणारच असतो.

दुसरी तक्रार अशक्तपणाची. गाठीतून थेंब थेंब रक्त जाते आणि हिमोग्लोबिन ७ वर येते. बाईमाणसाच्या अंगात रक्त कमी असणे हे आपल्याकडे इतके नेहमीचे की त्याचे कारण शोधावे असे कोणाला वाटत नाही. लोहाच्या गोळ्या सुरू होतात. पचलेल्या रक्ताने शौचाला काळे होते आणि लोहाच्या गोळीनेही काळेच होते, हे आशाताईंनाही माहीत असते. म्हणून एक महत्त्वाची खूण औषधाच्या खात्यावर जमा होते. पाळी थांबलेल्या बाईचे किंवा कोणत्याही वयाच्या पुरुषाचे रक्त विनाकारण कमी झाले असेल, तर ते पचनमार्गातून जात आहे असे आधी धरावे आणि मग दुसरे काही सिद्ध करावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात एवढा एक नियम पाळला गेला, तर कोणत्याही महागड्या यंत्रापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

त्यानंतर ‘दुर्बीण’. तोंडातून घातलेली दुर्बीण आद्यांत्राच्या दुसऱ्या भागापर्यंत जाते. गुदद्वारातून घातलेली मोठे आतडे ओलांडून शेषांत्राचे शेवटचे काही इंच दाखवते. मधले मीटरच्या मीटर आतडे दोन्ही दुर्बिणींच्या पल्ल्याबाहेर राहते. दोन्ही अहवाल ‘नॉर्मल’ आले की फाईल मिटते, वास्तविक ती तिथे उघडायला हवी. पुढची तपासणी सीटी एंटरोग्राफी. तिच्यात तासाभरात लिटर-दीड लिटर मॅनिटॉलचे पाणी पाजून आतडे फुगवतात आणि मग फोटो घेतात. साध्या सीटीत आतडे मिटलेले असते आणि घडीत छोटी गाठ लपून जाते, म्हणून चिठ्ठीवर ‘पोटाचा सीटी’ एवढेच लिहिणे पुरत नाही. २००१ पासून वापरात आलेली कॅप्सूल एंडोस्कोपी हा आणखी एक मार्ग. जेमतेम इंचभर लांबीची, कॅमेरा आणि दिवा असलेली गोळी रुग्ण पाण्याबरोबर गिळतो. कमरेच्या पट्ट्यातले यंत्र आठ-दहा तासांत हजारो चित्रे साठवते. तोवर माणूस हिंडू-फिरू शकतो. गोळी शौचावाटे बाहेर पडते. ती परत करायची नसते, तरी ‘धुऊन आणू का’ असे विचारणारे भेटतात. मात्र जिथे आतडे आधीच अरुंद झाले आहे तिथे ही गोळी अडकून शस्त्रक्रियेची पाळी येऊ शकते. गोळा फिरतो म्हणणाऱ्या रुग्णाला आधी सीटी, मग कॅप्सूल, हा क्रम मोडू नये.

या मुलखातला सगळ्यांत अवघड पेच मात्र टीबीचा. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे वैद्यकीय काम सुरू केले. पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी लांबलांबचे लोक मिरजेला येऊ लागले, पुढे टीबीसाठी आरोग्यधामही झाले आणि वानलेसवाडी हे नाव कायमचे राहिले. टीबी आतड्यालाही होतो, तो शेषांत्राच्या टोकाशी जास्त रेंगाळतो आणि आतडे अरुंद करतो, हे इथल्या डॉक्टरांच्या पिढ्यांना अनुभवाने ठाऊक आहे. ताप, वजन घटणे, फिरता गोळा, सीटीत जाड झालेले आतडे, सुजलेल्या गाठी : टीबीचे चित्र असेच, लिम्फोमाचेही असेच. तुकडा काढून तपासला तरी आतड्याच्या टीबीचे जंतू पुष्कळदा सापडत नाहीत. म्हणून खात्री नसतानाही टीबीचा कोर्स सुरू केला जातो. त्याला सरसकट चूक म्हणणारे या भागातले आजारांचे प्रमाण विसरतात. इथे आतड्याचा टीबी लहान आतड्याच्या कॅन्सरपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, आणि टीबी असलेल्याला औषध न देणे हाही गुन्हाच.

चूक सुरुवातीत नसते, ती पुढे होते. खरोखर टीबी असेल तर दोन महिन्यांत ताप जातो, भूक लागते, वजन वाढते, व्रण भरू लागल्याचे दुर्बिणीत दिसते. तसे झाले नसेल तर निदानावर फेरविचार हवा. पण कोर्स सहा महिन्यांचा आहे, तो पुरा केलाच पाहिजे, ही शिकवण लोकांच्या अंगी इतकी मुरली आहे (आणि टीबीपुरती ती योग्यच आहे) की रुग्ण मुकाट्याने गोळ्या संपवतो. वजन घटले तर गोळ्या गरम पडल्या म्हणतात. पोटाच्या टीबीचा कोर्स पुराव्याविना, अंदाजाने सुरू झाला असेल, तर उपचार-पत्रकावर पहिल्याच दिवशी दोन महिन्यांनंतरची फेरतपासणीची तारीख लिहिली जावी. त्या तारखेला वजनकाटा आणि सीटी काय सांगतात, त्यावर पुढचे ठरावे.

उपचाराचा पाया शस्त्रक्रियाच. मधल्या आतड्यातली गाठ दोन्ही बाजूंचे निरोगी आतडे आणि त्याच्या पडद्यातल्या रसग्रंथींसह कापून टोके जोडतात. आतड्याला अडथळा आला म्हणून रात्री-अपरात्री पोट उघडणारे शल्यविशारद हे ऑपरेशन जिल्ह्यातही करतात. आद्यांत्राच्या गाठीचे गणित निराळे. तिथे स्वादुपिंडाचे डोके, पित्तनलिका आणि आद्यांत्र एकमेकांत इतके गुंतलेले असतात की तिन्हींचा भाग काढून तीन नवे जोड द्यावे लागतात. अ‍ॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये वर्णन केलेली ही शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ती जिथे वारंवार होते तिथे रुग्ण दगावण्याचे प्रमाण कमी असते, हे जगभर दिसून आले आहे. यात गावाचा अभिमान मध्ये आणू नये.

कापलेल्या तुकड्याचे पुढे काय होते, यावर सगळे ठरते. पुष्कळदा तो बरणीत घालून नातेवाइकांच्या हाती दिला जातो आणि ते पिशवीत घालून लॅब शोधत निघतात. बरणीत फॉर्मॅलिन पुरेसे नसेल तर तुकडा नासतो. नीट पोचला तर त्याचे काप मेणात बसवून काड्यापेटीहून लहान ठोकळे तयार होतात. हा मेणाचा ठोकळा रुग्णाच्या घरातली सगळ्यांत मोलाची वस्तू समजावी. गाठ सीडी-११७ ला प्रतिसाद देते का, म्हणजे जिस्ट आहे का. न्यूरोएंडोक्राइन असेल तर की-६७ किती, म्हणजे वाढीचा वेग किती. अ‍ॅडिनोकार्सिनोमात डीएनए दुरुस्तीची प्रथिने शाबूत आहेत का : ही उत्तरे त्या ठोकळ्यातून वर्षांनंतरही काढता येतात. सीटीच्या मोठमोठ्या फिल्म लोक जपून ठेवतात, ठोकळा मात्र लॅबमधून मागून घ्यायचा असतो हे त्यांना सांगितलेच जात नाही.

जिस्टच्या बाबतीत हे अज्ञान फारच महागात पडते, कारण या गाठीवर गोळी आहे. २००० मध्ये फिनलंडमध्ये एका रुग्णाला इमॅटिनिब पहिल्यांदा दिले गेले आणि साध्या केमोला दाद न देणारी गाठ आटली. भारतात या औषधाच्या पेटंटचा वाद २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळल्यापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हार्टिस कंपनीविरुद्ध उभ्या राहिलेल्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती, १९६९ पासून काम करणारी रुग्णांची संस्था. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने कंपनीचे अपील फेटाळले. महिन्याला लाखाच्या वर जाणाऱ्या ब्रँडच्या जागी काही हजारांत मिळणारी जेनेरिक गोळी बाजारात राहिली. धोक्याच्या जिस्टमध्ये शस्त्रक्रियेनंतर ती रोज ४०० मिलिग्रॅम, तीन वर्षे घ्यायची असते. तरीही वाळवा किंवा खटाव तालुक्यातल्या रुग्णाच्या कागदावर ‘स्नायूची गाठ’ एवढाच शेरा असेल, तर एवढ्या झगड्यातून वाचलेली गोळी त्याच्यापर्यंत पोचत नाही. जिस्टच्या रुग्णांना एकत्र आणणारा ‘फ्रेंड्स ऑफ मॅक्स’ हा गट भारतात आहे. दुर्मीळ आजारात आपल्यासारखा दुसरा माणूस भेटणे हाही उपचाराचा भाग असतो.

न्यूरोएंडोक्राइन ट्यूमरचे नाव आपल्याकडे सामान्य माणसाने ऐकले ते इरफान खान यांनी २०१८ मध्ये आपला आजार जाहीर केला तेव्हा. लहान आतड्यातला हा ट्यूमर यकृतात पसरला की चेहरा एकदम लाल होतो, दिवसात दहादा शौचाला जावे लागते. दर २८ दिवसांनी दिले जाणारे ऑक्ट्रिओटाइडचे इंजेक्शन ही लक्षणे आवरते आणि वाढही रोखते. ते फ्रिजमध्ये ठेवावे लागते, भुकटी द्रवात कालवून लगेच, खोल नितंबात द्यावे लागते. हात रेंगाळला की सुई तुंबते आणि महागडी मात्रा वाया जाते. एका परिचारिकेला हे अर्ध्या दिवसात शिकवता येते. ती विट्याला किंवा फलटणला असेल, तर रुग्णाची दर महिन्याची मुंबईची फेरी वाचते. ल्युटेशियमचा किरणोत्सारी उपचार मात्र मोठ्या केंद्रातच.

अ‍ॅडिनोकार्सिनोमाला केमो. तिची औषधे मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरूनच उसनी घेतलेली, कारण इतक्या विरळ आजाराचे स्वतंत्र मोठे अभ्यास होणे अवघड. तीन आठवड्यांनी एकदा ऑक्झॅलिप्लॅटिनचे सलाईन आणि मध्ये चौदा दिवस कॅपसिटाबिनच्या गोळ्या, ही नेहमीची पद्धत. सलाईननंतर काही दिवस गार वस्तूला हात लावला की बोटांत मुंग्यांचे करंट जातात. गोळ्यांनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात. छापील सूचनेत ‘गार पाणी टाळा, सैल बूट घाला’ असे असते. पहाटे तासगावच्या द्राक्षबागेत दहिवरात भिजलेल्या वेलींत उभे राहणाऱ्या किंवा अनवाणी उसाला पाणी पाजणाऱ्या माणसाला ही सूचना म्हणजे काम बंद ठेवण्याचाच हुकूम. ते तसेच स्पष्ट सांगावे, म्हणजे घरचे आधीच माणूस बघतील. पुष्कळ जण विचारतात तो ‘शेक’, म्हणजे रेडिएशन, या आजारात क्वचितच लागतो.

उपचार कुठे घ्यावेत यावर दोन्ही जिल्ह्यांत दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत : कॅन्सर म्हणजे थेट मुंबईचे टाटा रुग्णालय. दुसरे : आता मिरजेत श्री सिद्धिविनायक गणपती आणि महात्मा गांधी ही कॅन्सर रुग्णालये आहेत, कराडला कृष्णा आहे, साताऱ्यात ऑन्को-लाईफ आहे, मग परळच्या रांगेत का मरायचे? तोंडाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरपुरते दुसरे मत बरोबर आहे. लहान आतड्याच्या बाबतीत दोन्ही अपुरी. इथे रोगाचा प्रकार ठरवणे आणि उपचाराची दिशा ठरवणे हे, ज्यांनी असे पुष्कळ रुग्ण पाहिले आहेत त्यांच्या नजरेखालून जायला हवे. पण ते एकदाच, फार तर दोनदा. त्यासाठी दरवेळी रुग्णानेच जायला हवे असेही नाही. टाटा स्मारक केंद्राच्या पुढाकाराने २०१२ मध्ये उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये दूरच्या डॉक्टरांनी अवघड रुग्णाची चर्चा तज्ज्ञांच्या मंडळापुढे ऑनलाइन ठेवण्याची सोय आहे. ठोकळा आणि सीटीची सीडी प्रवास करू शकतात. दिशा ठरली की केमो, इंजेक्शने, रक्ततपासण्या, सहा महिन्यांचे सीटी हे सारे घराजवळ व्हावे. सगळे मुंबईत करू पाहणारा रुग्ण तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर थकून येणेच सोडतो.

तरी ज्यांना जावे लागते त्यांच्यासाठी महालक्ष्मी एक्सप्रेस रात्री मिरज, सांगली, कराड, सातारा घेत सकाळी दादरला पोचवते. एसटी आणि रेल्वे दोन्हीकडे कॅन्सर रुग्णाला भाड्यात सवलत आहे, रुग्णालयाचा दाखला मात्र वेळेवर मागावा लागतो. दादरची गाडगेमहाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती रुग्ण-नातेवाइकांची राहण्याची सोय करतात. जावळी-पाटणच्या माणसाला आणखी एक आधार, गिरणगावातली गावकीची खोली. गिरण्या गेल्या, माथाडींची पोरे नवी मुंबईला गेली, तरी अशा काही खोल्या अजून गावाच्या मंडळाच्या ताब्यात आहेत आणि टाटापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. कोणत्याही योजनेत नसलेली ही योजना.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आता प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि शस्त्रक्रिया, केमो यांचा मोठा भार ती उचलते. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी गाठणे एवढे रुग्णाकडून हवे. पण लहान आतडे कापलेल्याचा खरा खर्च घरी परतल्यावर सुरू होतो, आणि तो अन्नाचा असतो.

शेषांत्राचा शेवटचा भाग गेला की बी-१२ शोषले जात नाही. आयुष्यभर इंजेक्शन घ्यावे लागते. यकृतातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे कमतरता उशिरा, फेरतपासण्या विरळ झाल्यावर उघड होते. पायांत मुंग्या येतात, तोल जातो, आणि ‘केमोचा परिणाम’ म्हणून तेही सोडून दिले जाते. डिस्चार्ज कार्डावर किती आतडे काढले ते लिहिलेले असते. किती उरले ते लिहायला हवे, कारण पुढचे आयुष्य उरलेल्यावर चालते. दोन मीटरहून कमी उरले तर जुलाब आटोक्यात राहत नाहीत. अशा वेळी घरचे प्रेमाने पाणी, सरबत, उसाचा रस पाजतात, आणि त्याने जुलाब वाढतात : साधे पाणी शरीरातले मीठ ओढून नेते, गोड रस पाणी ओढून नेतो. योग्य प्रमाणातले मीठ-साखरेचे ओआरएस घोट घोट हवे. आतडे अजून अरुंद असेल तर हुरडा, कणीस, शेवग्याच्या शेंगा, पेरू बंद. मऊ भात, मुगाचे वरण, अंडे, ताक, थोडेथोडे सहा वेळा.

टीबीच्या प्रत्येक नोंदलेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून खाण्यासाठी महिन्याला पैसे मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ते ५०० चे १००० झाले. गरीब-श्रीमंत विचारले जात नाही. कॅन्सरच्या रुग्णासाठी संजय गांधी निराधार योजनेत महिना १५०० रुपये आहेत, पण कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत असल्याचा दाखला लागतो. मजुरी करणारे एक माणूस घरात असले तरी हा आकडा ओलांडला जातो. ज्याच्या पोटातले शोषणाचे अंगच कापले गेले, त्याला पोषणाची मदत उत्पन्नाच्या दाखल्यावर अडावी, यात धोरणाचा विसंगतपणा सरळ दिसतो. टीबीची पद्धत उचलून कॅन्सरला लावायला नवी यंत्रणाही उभारावी लागणार नाही.

घरातले मौन हा दुसरा अडसर. ‘पोटाचे ऑपरेशन झाले’ एवढेच गावात सांगितले जाते, कित्येकदा रुग्णालाही. मुलींची लग्ने व्हायची असतात. पण या कॅन्सरचा काही भाग लिंच सिंड्रोमसारख्या आनुवंशिक दोषातून येतो. तो दोष असलेल्याच्या प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, आणि वेळोवेळी दुर्बिणीने तपासणी केली तर मोठ्या आतड्याचा कॅन्सर टाळता येतो. लपवल्याने स्थळ टिकते, भाऊ-बहिणींची तपासणी मात्र राहून जाते.

काही रुग्णांत आजार पोटभर पसरून आतडे जागोजागी बंद होते आणि पुन्हा पोट उघडण्यात अर्थ उरत नाही. तेव्हाही करण्यासारखे पुष्कळ असते. ऑक्ट्रिओटाइड, डेक्सामेथासोन आणि उलटीची औषधे त्वचेखाली देऊन उलट्या दिवसाला एक-दोनवर आणता येतात. वेदनेसाठी मॉर्फिन, २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याच्या परवान्यांची गुंतागुंत कमी झाली, ते ठेवण्याची भीती मात्र अनेक दवाखान्यांत तशीच आहे. सलाईनचा आग्रह घरचे धरतात. पोटात पाणी साठलेल्याला त्याने फुगवटाच येतो. तोंड कोरडे पडते त्याला ओला बोळा, बर्फाचा खडा, ओठांना तूप पुरते. दोन चमचे चहा चवीपुरता द्यायला हरकत नसते, तो उलटून पडला तरी. हे सगळे माण किंवा जतच्या वस्तीवरच्या घरात, आठवड्यातून दोनदा येणाऱ्या शिकलेल्या परिचारिकेच्या देखरेखीखाली होऊ शकते.